दोन भावांच्या मधला बोळ

मित्रांनो, मी एक जुना बोळ आहे. बोळाला कसली आली आहे गोष्ट, असे तुम्हाला वाटेल, आणि त्यात तुमचे काही चुकत नाही. खुर्चीला पाय असतात, घड्याळाला काटे असतात. मला काय आहे? माझी डावी भिंत एका घराची, उजवी दुसऱ्या घराची. खालची फरशी कधी कोणी बसवली ते मलाही आठवत नाही. या सगळ्यांच्या मध्ये जे रिकामे उरते, तो मी. रुंदी आठ फूट, लांबी चाळीस फूट. माझ्यातून लोक जातात, माझ्याकडे कोणी येत नाही. एवढे सोडले तर तक्रार नाही.

इतर वस्तू आपल्या कारागिराचे गुण गातात. मला कोणी घडवलेच नाही. माझा जन्म भांडणातून झाला.

त्याचे असे झाले. या जागेवर पूर्वी एक पुस्तकबांधणीवाला राहत असे. त्याला दोन मुलगे. बाप गेला तेव्हा भांडीकुंडी, हत्यारे, गिऱ्हाइके सगळे गुण्यागोविंदाने वाटून झाले. अडले ते कागद कापायच्या यंत्रावर. ओतीव लोखंडाचे, मोठ्या चाकाचे ते यंत्र एकच होते आणि त्याचे दोन तुकडे करता येत नव्हते. थोरले म्हणाले, "मी मोठा, ते माझं." धाकटे म्हणाले, "चालवतो मी, ते माझं." शब्दाने शब्द वाढला. यंत्र शेवटी त्यांच्या मामाच्या पडवीत जाऊन पडले आणि भावाभावांचे बोलणे बंद झाले.

पुढे दोघांनी जुने घर पाडून शेजारी शेजारी तीन मजली घरे बांधायला काढली. गवंडी बिचारा साधा माणूस. तो म्हणाला, "मधली भिंत एकच घालू या की. विटाही वाचतील, जागाही वाचेल."

"त्याच्या भिंतीला माझी भिंत लागता कामा नये," थोरले म्हणाले.

"लागणारच नाही. मी चार फूट मागे सरतो," धाकटे गवंड्याकडेच बघून म्हणाले.

"तो चार सरतोय? मग मीही चार."

गवंड्याने कपाळाला हात लावला. पण मालकांपुढे त्याचे काय चालणार? अशा रीतीने चार नि चार मिळून आठ फुटांचा मी जन्माला आलो. दोन्ही घरांना माझ्या बाजूने तळमजल्यावर एकेक खिडकी होती. ती दोघांनी आतून खिळे ठोकून बंद करून टाकली. तान्हेपणी माझ्याकडे पाठ फिरवणारी ही पहिली दोन माणसे.

आता माझ्या आसपासचे सांगतो, कारण त्याशिवाय माझे काम तुम्हाला कळणार नाही. माझे पुढचे तोंड मोठ्या रस्त्याकडे आहे. रस्त्यापलीकडे मोकळे मैदान. दुपार कलू लागली की तिकडून वारा सुटतो. रस्त्याच्या कडेची घरे एकमेकांना खांदे भिडवून उभी आहेत. माझे मागचे तोंड एका अरुंद गल्लीत उघडते. गल्लीच्या पलीकडे सहा मजली गोदामांची सलग भिंत आहे. गल्लीत दिवसभर माल उतरवणारे टेंपो उभे असतात आणि त्यांचे चालक इंजिन बंद करणे म्हणजे पाप समजतात. भरीला एक पावाची भट्टी. म्हणजे धुराला तिथे काही कमी नाही, कमी आहे ती बाहेर पडायच्या वाटेची. ती वाट करून देणारे आम्ही. त्या काळी या रांगेत आम्ही पाच बोळ होतो. मैदानावरचा वारा आमच्या तोंडाशी आला की अंग चोरून आत शिरे, आणि वाट अरुंद म्हणून त्याला आणखी जोर चढे. मागच्या गल्लीत पोचला की तिथला धूर पुढे घालून तो गल्लीच्या टोकाकडे पिटाळून लावी. हे काम मला कोणी सांगितले नव्हते. मी नुसता रिकामा राहत होतो, बाकी सारे वारा करत होता.

माझे काम ओळखणारे एकच माणूस होते, ती म्हणजे इस्त्रीवाली. नव्याने लग्न होऊन आली तेव्हापासून तिने माझ्या मागच्या तोंडाशी आपले टेबल मांडले. तिची इस्त्री कोळशाची. इतर इस्त्रीवाले पुठ्ठ्याने वारा घालून घालून हात मोडून घेतात. ही आपली इस्त्री उघडायची, कोळसे भरायची आणि माझ्या फरशीवर वाऱ्याच्या तोंडी ठेवून द्यायची. पाच मिनिटांत कोळसे लाल. माझ्या मागच्या तोंडाच्या अगदी कडेला, भिंतीतल्या एका खिळ्याला तिने निळ्या सदऱ्याची चिंधी बांधली होती. चिंधी आडवी उडू लागली की ती म्हणे, "आला गं बाई माझा नोकर." मला नोकर म्हणत होती की वाऱ्याला, कोण जाणे. मी मात्र ते माझ्याच नावावर घेतले. रिकाम्या जागेचे कौतुक कोण करतो, मित्रांनो? मिळाले ते पदरात पाडून घ्यावे.

बरीच वर्षे गेली. आमच्या रांगेत जागेला भाव आला तशी लोकांना रिकाम्या जागा डोळ्यांत खुपू लागल्या. पहिल्या बोळात कोणी दुकान थाटले. दुसऱ्यावर पत्रा टाकून स्कूटर ठेवल्या. तिसऱ्यात जिना चढला, चौथ्यात एक चिंचोळी इमारतच उभी राहिली. माझी भावंडे एकेक करून बुजली आणि मी एकटा उरलो. मला कोणी हात लावला नाही, याचे कारण माझ्यावर कोणाची माया होती असे नव्हे. दोन्ही भावांचे बोलणे अजून बंद होते, आणि मला बुजवायचे तर आधी त्यांना बोलावे लागले असते.

एकतीस वर्षे ते बोलले नाहीत. थोरले वह्या आखून बांधत, धाकटे पुस्तके शिवत. दोघांच्या ठोकण्याचा आवाज माझ्या दोन्ही भिंतींतून येई. एक थांबला की दुसराही जरा थांबे. हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते, मला होते. थोरल्यांची बायको गेली त्या दिवशी धाकटे माझ्यात येऊन उभे राहिले, थोरल्यांच्या खिडकीपर्यंत गेले, आणि परत फिरले. मला तेव्हा फार वाईट वाटले. पण बोळाने काय करायचे?

केले ते इस्त्रीवालीने, तेही चुकून. दोन्ही घरचे कपडे तिच्याकडेच येत. घोटाळा नको म्हणून ती थोरल्यांच्या कपड्यांना लाल दोरा बांधी, धाकट्यांच्या कपड्यांना निळा. तीस वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती. एके दिवशी एका सदऱ्याचा दोरा गळून पडला आणि थोरल्यांचा सदरा धाकट्यांच्या घरी गेला. धाकट्यांनी तो उलगडला. दोन गुंड्या नव्हत्या. बाही उसवून पुन्हा शिवलेली होती, आणि तो टाका पाहून धाकटे जागच्या जागी बसले. तो कपड्याचा टाका नव्हताच. तो पुस्तकाच्या पाठीला घालतात तो टाका होता, त्यांच्या बापाने दोघांना एकाच दिवशी शिकवलेला.

सदरा घेऊन ते माझ्यात आले. त्याच वेळी आपला सदरा शोधत थोरलेही इस्त्रीवालीकडे निघाले होते. माझ्या बरोबर मध्यावर दोघे समोरासमोर उभे ठाकले.

"हा तुझाच का?" धाकट्यांनी विचारले.

"माझाच."

"बाही तूच शिवलीस?"

"मग आता कोण शिवणार?"

"अरे दादा, सदऱ्याला कोणी मेणाचा दोरा वापरतं का?"

थोरल्यांनी बाही ओढून पाहिली. मग म्हणाले, "पण उसवला नाही ना अजून?"

दोघेही हसले, आणि हसता हसता दोघांचे डोळे भरून आले. इस्त्रीवाली माझ्या तोंडाशी पदर तोंडाला लावून उभी होती. तिच्या हातातली इस्त्री एका चादरीवर तशीच राहिली आणि चादर जळाली. त्या दिवशी तिला कोणी काही बोलले नाही.

यानंतर जे झाले ते प्रेमापोटी झाले, हे मी आधीच सांगून ठेवतो. धाकट्यांच्या मनाने घेतले की आता दोन घरांमध्ये काहीही आडवे नको. "एकतीस वर्षं हा बोळ आपल्यामध्ये उभा होता," ते म्हणाले. "आता याची खोली करू. दोघांची मिळून." पुढच्या तोंडाला काचेचे दार बसले. वर पत्रा पडला. मागच्या तोंडाला काय करायचे, असे गवंड्याने विचारले. हा पहिल्या गवंड्याचा मुलगा. धाकटे म्हणाले, "तिकडून धूर येतो. तिकडे पक्की भिंतच घाल, फटसुद्धा ठेवू नकोस."

मला तेव्हाच सांगावेसे वाटले होते, की अहो, धूर आत येतो तो दिवसाकाठी घटकाभर, आणि दुपारी वारा सुटला की गल्लीबाहेर जातो तो सगळा. पण खरे सांगू? नुसते वाटले होते. वाचा असती तरी मी बोललो असतो की नाही, शंका आहे. कारण मला खोली व्हायचे होते. खिळे काढून दोन्ही खिडक्यांचे दरवाजे झाले. मामाच्या पडवीतून ते कागद कापायचे यंत्र आले, घासूनपुसून माझ्या मधोमध बसले. दोन भाऊ यंत्राच्या दोन बाजूंना बसून वह्या बांधू लागले, एकमेकांच्या कामाला नावे ठेवू लागले. जन्मात पहिल्यांदा माझ्यात कोणी बसले होते. दिवा लागायचा, चहा यायचा. मला ते आवडले, मित्रांनो. फार आवडले.

भिंतीच्या पलीकडे काय चालले होते ते मला आता ऐकूच येत असे, दिसत नसे. इस्त्रीवालीचा पुठ्ठा फटफट वाजू लागला. मग तिचा खोकला. चिंधीचे फडफडणे बंद झाले होते. मैदानावरचा वारा आता छपरांवरून उड्या मारत जाई. जाता जाता गल्लीत डोकावलाच, तर गोदामाच्या भिंतीवर आपटून खाली येई, जमिनीवरून धूर गोळा करी आणि तोच धूर आमच्या घरांच्या मागच्या अंगाला आणून लावी. पुन्हा वर, पुन्हा खाली. रहाटासारखा जागच्या जागी फिरे. धूर गल्लीतला गल्लीतच राही, आणि सगळ्यांत जास्त साचे तो आमच्याच पाठीला.

थोरल्यांची झोपायची खोली मागच्या अंगाला होती. हिवाळ्यात त्यांना खोकला धरला, तो उन्हाळा आला तरी सुटेना. वय झाले, असे सगळे म्हणाले. मग भट्टीवाल्याला शिव्या खाव्या लागल्या, तो जुनाच धंदा जुन्याच भट्टीवर करत होता तरी. पुढच्या रस्त्याला गाड्यांचा गोंगाट फार, म्हणून धाकट्यांनी भावाची खाट मागच्या भिंतीला आणखी टेकवून घेतली, तेवढीच शांतता मिळावी म्हणून. भावाच्या काळजीने त्यांनी त्याला नेमके धुराच्या कुशीत नेऊन ठेवले. शेवटी डॉक्टरांनी सांगितले, "यांना हवापालट पाहिजे. मुलगा डोंगराकडे राहतो ना? पाठवा तिकडे. इथे राहिले तर पुढचा हिवाळा कठीण आहे."

त्या दिवशी माझ्यात यंत्राचे चाक फिरले नाही. एकतीस वर्षांनी मिळालेला भाऊ दोन वर्षांत पुन्हा जाणार होता. बॅग भरायला घेतली गेली. धाकटे प्रत्येक सदरा घडी घालून ठेवत आणि पुन्हा बाहेर काढून त्याच्या गुंड्या तपासत.

तेव्हा इस्त्रीवाली शेवटचे कपडे घेऊन पुढच्या दाराने माझ्यात आली. बॅग पाहून म्हणाली, "निघालात, थोरले भाऊ?"

"हवा मानवत नाही म्हणतात," थोरले धापा टाकत म्हणाले.

"हवा मानवायला ती यायला तर पाहिजे. माझी इस्त्री दोन वर्षं पेटत नाही. चिंधी बघा, मेल्यागत लोंबतेय. तुम्ही वाऱ्याचं तोंड बांधलंत ना."

धाकटे उसळलेच. "तुझ्या इस्त्रीसाठी आम्ही आमची खोली पाडायची?"

"माझ्या इस्त्रीचं राहू द्या. मी पुठ्ठ्यानं भागवते. मी यांच्या छातीचं बोलतेय."

"ही भिंत धुरासाठीच घातलीय, बाई!"

"हो ना," ती म्हणाली. "घरातला चोर बाहेर जाऊ नये म्हणून कडी घातलीत तुम्ही." आणि कपडे ठेवून निघून गेली.

धाकटे तिच्या नावाने बराच वेळ बडबडत होते. इतके की थोरले म्हणाले, "एवढा चिडलास म्हणजे तुला पटलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरले पडलेले असताना धाकटे एकटेच माझ्यात आले. हातात पुस्तकाची पाठ ठोकायची हातोडी. ते मागच्या भिंतीसमोर उभे राहिले. मला ठाऊक होते, ते कशाला घाबरत होते ते. ती भिंत पडली तर पत्रा जाईल, दिवा जाईल, यंत्र जाईल. पुन्हा दोन घरे, पुन्हा मध्ये आठ फूट. आणि मीही घाबरलो होतो. मला पुन्हा रिकामे व्हायचे नव्हते. तेवढ्यात मागच्या खोलीतून थोरल्यांचा खोकला आला, थांबता थांबेना असा.

धाकट्यांनी एक वीट फोडली. मग जाऊन पुढचे काचेचे दार सताड उघडले आणि त्या भोकाशी येऊन हात धरला. त्यांच्या बोटांमधून मैदानावरचा वारा सळसळत पलीकडे गेला. पलीकडे इस्त्रीवाली ओरडली, "हलली! चिंधी हलली!"

संध्याकाळपर्यंत निम्मी भिंत खाली आली होती. पुस्तकाच्या हातोडीने भिंत पाडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. उरलेली गवंड्याने पाडली. पत्रा उतरला, काचेचे दार गेले. यंत्र कोणाकडे ठेवायचे यावर मात्र पुन्हा वाद झाला. थोरले म्हणत, "चालवतोस तू, ते तुझं." धाकटे म्हणत, "तू मोठा, ते तुझं." शेवटी ते थोरल्यांच्याच घरात गेले, कारण त्यांच्या दाराची चौकट जरा मोठी होती.

गल्लीतला धूर नाहीसा झाला, असे मी म्हणणार नाही. एकट्या बोळाने किती करावे? माझी चार भावंडे अजून बुजलेलीच आहेत. पण थोरल्यांची खाट पुढच्या अंगाला आली, मागे वारा खेळू लागला, आणि त्यांचा खोकला बसला. बॅग माळ्यावर गेली. पुढचा हिवाळा त्यांनी इथेच काढला, त्याच्या पुढचाही, आणि आणखी चार.

माझ्या बाजूच्या दोन्ही दरवाजांच्या पुन्हा खिडक्या झाल्या, पण या वेळी कोणी खिळे ठोकले नाहीत. दुपारी दोघे आपापल्या खिडकीशी वह्या घेऊन बसत. मध्ये मी आठ फूट. थोरल्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागले होते, चिंधी दिसत नसे. ते रोज विचारत, "वारा आला का रे?" आणि धाकटे चिंधीकडे बघून सांगत, "आला, दादा." मग दोघे काम सुरू करत. मी पुन्हा रिकामा होतो, पण माझ्या आरपार रोज कोणीतरी बोलत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरांच्या मध्ये कुठे माझ्यासारखी एखादी फट असेल. तिथे काही मावते आहे म्हणून काही ठेवू नका. तुटकी कपाटे, जुन्या स्कूटर, चार पोती, काहीच नको. ती जागा वाया गेलेली नाही. आणि तुमच्यापैकी कोणी मोठे होऊन घरे बांधणार असेल, तर खांद्याला खांदा भिडवण्याआधी मागच्या गल्लीत कोण श्वास घेते आहे ते एकदा बघून या. मला राग येत नाही कोणाचा. मला फक्त एकटे वाटते, आणि रिकामे राहणे हेच माझे काम असल्यामुळे त्यावर इलाज नाही.

गेल्या वर्षी थोरले गेले. झोपेतच गेले, खोकला न येता. त्यांची खिडकी आता बंद असते. इस्त्रीवालीही आता थकली, पण चिंधी तिने नवी बांधली आहे. दुपार कलली की धाकटे आपली खिडकी उघडून बसतात. मैदानाकडून वारा येतो, माझ्यात शिरतो, चिंधी आडवी होते. समोरून कोणी विचारत नाही. धाकटे थोडा वेळ वाट बघतात, आणि मग आपणच म्हणतात, "आला, दादा."